सुटं काय न्हाई

‘हालू नका,’ मगदूम म्हणाले.

तसं हालत कुणीच नव्हतं. फियाटच्या चार चाकांखाली चार काटे सरकवलेले, आत आण्णा हेल्मेट घालून, पट्टे आवळून बसलेला, आणि मी दोन पावलं लांब, हात पाठीमागं बांधून उभा. हात मोकळे ठेवले की ते सवयीनं गाडीच्या टपावर जायचे आणि काटा उगीच वर चढायचा. मगदूमांचं सगळं आयुष्य साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर गेलेलं. आमच्या भागात काट्यावरच्या माणसावर त्याचा सख्खा भाऊसुद्धा विश्वास ठेवत नाही, पण मगदूमांनी कधी कुणाचा काटा मारला नाही अशी ख्याती होती. म्हणून तर शर्यतवाल्यांनी त्यांना निवृत्तीतून उठवून माळावर आणलं होतं.

‘आठशे त्रेपन्न,’ ते म्हणाले आणि पुढच्या काचेच्या कोपऱ्यात खडूनं आकडा लिहिला. ‘साडेआठशेच्या वर तीन. पेट्रोल जळणार, तेवढं धरलंय न्हवं?’

‘धरलंय की.’

‘मग जावा. फायनल जिंकला तर गाडीतनं न उतरता थेट माझ्याकडं यायचं. मधी थांबायचं न्हाई, कुणी गाडीला हात लावायचा न्हाई.’

आण्णा काट्यावर नेहमीच श्वास रोखून धरायचा. ‘श्वासाला वजन असतंय व्हय रं?’ म्हणून मी त्याला चिडवायचो. त्या दिवशी गाडी काट्यावरून उतरली तरी त्यानं बराच वेळ श्वास सोडला नाही. मला वाटलं, शेवटची शर्यत आहे, ताण आला असेल.

शेवटची म्हणजे त्या धावपट्टीवरची. लढाईच्या काळात इंग्रजांनी माळावर बांधलेली पट्टी, नंतर गुरं चरायला मोकळी. वर्षातून एकदा तिथं ड्रॅग रेस व्हायची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ पाव मैल सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंत खेळ खलास. पुढच्या वर्षी त्या माळावर कुठल्याशा कंपनीचे सौर पत्रे बसणार होते.

आण्णा म्हणजे हिंदुराव लोहार, माझा थोरला भाऊ. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं दोघांचं गॅरेज. गाडी मी बांधायचो, चालवायचा तो. त्या पट्टीवर तो दर वर्षी दुसरा यायचा. एकदा नाही, दोनदा नाही, दर वर्षी. दुसऱ्या नंबरचे कप घरात इतके साठले होते की वहिनी त्यातला एक तांदळाच्या डब्यात माप म्हणून वापरायची. आण्णाला त्याचा राग यायचा नाही. तो म्हणायचा, ‘पयल्या नंबरचा आणतो, तेवढा मातूर देव्हाऱ्याजवळ ठेव.’ आणि त्या वर्षी तो मला दोन-तीनदा असंही म्हणाला होता, ‘जया, औंदा न्हाई तर मग न्हाईच.’

औंदा येणार, याची मला खात्री होती. कारण आण्णा वाळला होता.

ऐकायला विचित्र वाटेल, पण शर्यतीच्या माणसाला विचारा. आमच्या गटाचा नियम होता की गाडी आणि चालक मिळून साडेआठशे किलोच्या खाली जायचं नाही. कमी भरलं तर लोखंड भरा. आता माणसाचं वजन सीटवर बसतं, ते इकडंतिकडं सरकवता येत नाही. लोखंड मात्र तुम्हाला हवं तिथं बसवता येतं. मागच्या चाकांवर बसवलं की चाकं जमीन धरतात, जागच्या जागी फिरत नाहीत. म्हणजे चालकाच्या अंगावरचा जेवढा किलो कमी, तेवढा माझ्या हातातला जास्त.

आण्णा तालमीत वाढलेला गडी. लग्नानंतर पोट सुटलं होतं, मान खांद्यात रुतली होती. त्या वर्षी गणपती झाले आणि तो उतरायला लागला. ‘भात सोडलाय, रंकाळ्याला दोन चकरा मारतोय,’ म्हणाला. मला आनंद झाला. एका मित्राच्या फौंड्रीतून मी बिडाच्या चपट्या प्लेटा ओतून आणल्या, मागच्या अॅक्सलच्या वर चॅसीला भोकं पाडली आणि जसजसा आण्णा उतरत गेला तसतशी एकेक प्लेट चढवत गेलो.

‘आण्णा, असाच आणखी चार-पाच किलो उतर,’ एकदा जेवताना मी म्हणालो. ‘तुझ्या पोटाचं लोखंड करून मागच्या चाकावर बसवतो बघ.’

‘उतरतो की,’ तो म्हणाला आणि हसला. वहिनी भाकरी वाढत होती. ती हसली नाही. तिला शर्यतीचं वेड नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

संक्रांतीला मी शेवटची प्लेट चढवून चेकनट आवळले आणि त्याला सांगितलं, ‘आता बास. वजन हाय तितंच ठेव. आता उतरलास तर माझा सगळा मेळ चुकंल.’

‘ठेवतो,’ तो म्हणाला.

लोखंड बसवण्यात मी कुणाचं ऐकत नसे. एका प्लेटला निदान दोन बोल्ट, बोल्ट अंगठ्याएवढा जाड, पत्र्यातून नव्हे तर चॅसीतून आरपार, खालच्या अंगाला रुंद पट्टी, वर दुहेरी नट. तार चालायची नाही, पट्टा चालायचा नाही. पाव मैल संपला की चालक ब्रेकवर उभा राहतो. गाडी थांबते, पण मागचं सुटं लोखंड थांबत नाही. ते पुढं येतं, आणि पुढं माणूस बसलेला असतो.

शर्यतीच्या दिवशी सकाळीच साताऱ्याकडच्या एका गड्यानं डिकीत वाळूचं पोतं टाकून ते बैलाच्या कासऱ्यानं बांधून आणलं होतं. मगदूमांनी डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला.

‘ही काय बैलगाडी हाय?’

‘मालक, गच्च बांधलंय.’

‘बांधलंय, बोल्ट कुठाय?’

‘पोत्याला बोल्ट कसा मारायचा वो?’

‘म्हणूनच पोतं चालत न्हाई,’ मगदूम म्हणाले. आण्णा आणि मी पोट धरून हसलो. म्हणजे मी हसलो. आण्णानं नुसती मान हलवली आणि म्हणाला, ‘खरं हाय. बोल्ट न्हाई ते सगळं सुटंच.’

हे वाक्य आमच्या आप्पांचं, म्हणजे वडलांचं. आप्पा ट्रक चालवायचे. आंबा घाटात एकदा सीटखालचा सुटा जॅक घरंगळत येऊन ब्रेकच्या पायडलाखाली अडकला. आप्पा वाचले, पण पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून आमच्या घरात एक रीतच पडली. कुठलंही वाहन निघायचं म्हटलं की आप्पा ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायचे, कान देऊन ऐकायचे आणि विचारायचे, ‘सुटं काय?’ चालवणाऱ्यानं उत्तर द्यायचं, ‘सुटं काय न्हाई.’ आम्ही सायकलवरून शाळेला निघालो तरी हे चुकायचं नाही. दप्तर हलायचं, डबा वाजायचा, आणि पोरं फिदीफिदी हसायची. पण आप्पांनी एक सांगून ठेवलं होतं. ‘बाकी कायबी थापा मारा. मास्तरला मारा, आईला मारा, मलाबी मारा. ह्या एका सवालाला खोटं बोलायचं न्हाई.’

आप्पा गेले आणि तो सवाल माझ्याकडं आला. आण्णा पट्टे आवळून बसला की मी गाडीच्या आतला, उलटली तर चालकाला वाचवणारा लोखंडी पिंजरा धरून हलवायचो, ऐकायचो आणि विचारायचो. त्याचं उत्तर आलं की दार लावायचो. त्याशिवाय आमची गाडी कधी रेषेवर गेली नाही.

त्या दिवशी आणखी एक नवल होतं. वहिनी आली होती. एवढ्या वर्षांत ती कधी शर्यतीला आली नव्हती. ‘जिवाला घोर लावून घ्यायला कशाला येऊ?’ म्हणायची. त्या दिवशी पहाटे स्वतः डबा घेऊन टेम्पोत बसली. दिवसभर टेम्पोच्या सावलीत सतरंजीवर बसून होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

‘वैनी, आज कसं काय?’ मी विचारलं.

‘शेवटची हाय म्हणालासा न्हवं,’ ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पहिल्या दोन फेऱ्या आण्णानं सहज मारल्या. गाडी अशी सुटत होती की मागची चाकं रस्त्याला चिकटवलीत की काय असं वाटावं. लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. मी प्लेटांकडं बोट दाखवत होतो. दर फेरीआधी आण्णा टेम्पोकडं जाऊन वहिनीकडं पाणी पिऊन यायचा आणि फेरीनंतर परत तिकडंच जायचा. दुपारचं ऊन होतं, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मग फायनल आली. समोर सांगलीचा एक बागायतदार, त्याची गाडी परदेशातून सुटे भाग आणून बांधलेली. दर वर्षी त्याच्याच मागं आण्णा दुसरा यायचा. पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटली होती. आण्णा गाडीत बसला. ह्या वेळी तो पाण्याला गेला नाही. मी पट्टे आवळले, पिंजरा धरला आणि गाडी हलवली. काही वाजलं नाही.

‘सुटं काय?’

आण्णा समोर बघत राहिला.

‘आण्णा, सुटं काय?’

हेल्मेटच्या आतून त्याचे डोळे माझ्याकडं वळले. दिव्याजवळचा माणूस हात हलवून आम्हाला पुढं बोलावत होता. सांगलीकर रेषेवर पोचून गुरगुरत होता.

‘थांब जरा,’ आण्णा म्हणाला. ‘पाणी पिऊन येतो.’

‘आता? आरं, त्यो बाद करंल आपल्याला!’

पण त्यानं पट्टे सोडले होते. तो उतरला आणि टेम्पोमागं गेला. मी दिव्याजवळच्या माणसाच्या हातापाया पडत होतो, ‘दोनच मिनिटं, साहेब, दोनच मिनिटं.’ मागं वळून पाहिलं तर वहिनी उठून उभी होती आणि मान हलवून त्याला नको नको म्हणत होती. मला वाटलं, घामेजल्या अंगानं पाणी पिऊ नका म्हणत असेल. आण्णा परत आला, बसला. मी पट्टे पुन्हा आवळले. ते जरा जास्तच आत गेले, एवढं हाताला जाणवलं. घाईत होतो, सोडून दिलं.

‘सुटं काय?’

‘सुटं काय न्हाई,’ आण्णा म्हणाला. आवाज एकदम मोकळा होता, आप्पांसारखा.

ती फेरी मी आजही डोळे मिटून बघू शकतो. दिवा हिरवा झाला, मागची चाकं किंचित बसली आणि फियाट गोफणीतल्या दगडासारखी सुटली. सांगलीकर निम्म्यापर्यंत बरोबर होता. मग तो मागं राहिला. थोडाच, पण मागंच. माळावर जो कालवा उठला त्यात मला माझीच आरोळी ऐकू आली नाही. मी बिनचपलेचा पळत सुटलो.

आण्णा सांगितल्याप्रमाणं न थांबता, न उतरता थेट काट्यावर आला. हेल्मेट तसंच. मी खिडकीशी जाऊन ‘आण्णा! आण्णा!’ एवढंच म्हणत होतो. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो मगदूमांकडं बघत होता.

मगदूमांनी आकडा वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. गाडी खाली घ्यायला लावली, काटे शून्यावर आणले, गाडी पुन्हा चढवली.

‘आठशे सत्तेचाळीस,’ ते म्हणाले. ‘तीन कमी.’

‘हुईलच कसं?’ मी ओरडलो. ‘सकाळी तुम्हीच लिवलंय, बघा काचंवर!’

‘सकाळी तेवढं हुतं. आता हे हाय.’

झालं. आमच्या भागात काट्यावर वजन कमी आलं की पुढं काय होतं ते सांगायला नको. ‘काटा मारला! काटा मारला!’ गर्दी गरजली. कुणीतरी सांगलीकराच्या पैशाचा उद्धार केला. मगदूम पांढरेफटक पडले. आयुष्यभर जे ऐकावं लागलं नाही ते म्हातारपणी ऐकावं लागत होतं. तरी शांतपणे म्हणाले, ‘लोहार, गाडीचा काय भाग पट्टीवर पडला असंल तर आणून दाखवा. दाखवला तर विचार करतो. तोवर निकाल धरून ठेवतो.’

पडलंच असणार. दुसरं काय? मी आधी गाडीखाली झोपलो. एकेक बोल्टला पाना लावून बघितलं. एक प्लेट हललेली नव्हती. बॅटरी जागेवर, चाकांचे नट जागेवर, सायलेन्सर जागेवर. मग पट्टीवर निघालो. मान खाली घालून या कडेपासून त्या कडेपर्यंत. वितळल्यासारखं डांबर, त्यावर रबराचे काळे पट्टे. गवतात हात घालून चाचपलं. एक गंजका नट सापडला, तो ट्रॅक्टरचा होता. तळपाय भाजत होते.

‘जया, माघारी ये,’ लांबून आण्णा ओरडला. ‘काय पडलेलं न्हाई रं.’

मी ऐकलं नाही. उलट चिडलो. आपल्या हातातली फायनल चाललीय आणि हा सावलीत बसून सांगतोय काय पडलेलं नाही! मी पट्टीच्या पार शेवटापर्यंत गेलो आणि दुसऱ्या कडेनं शोधत परत आलो. रिकाम्या हातानं.

टेम्पोजवळ वहिनी माझी वाट बघत उभी होती. डोळे लाल. तिनं ती कापडी पिशवी माझ्यापुढं धरली.

‘भावजी, तुम्ही शोधताय ते हितं हाय.’

पिशवी हातात घेतली आणि हात खाली गेला. आत एक पट्टा होता. जाड कापडाचा, कमरेला बांधायचा, शेजारी शेजारी कप्पे शिवलेला, आणि कप्प्यांत शिसं. टायरवाले चाकाचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं, ओळीनं भरलेली. कापड मी ओळखलं. फियाटच्या सीटला कव्हर घातलं होतं त्याचा उरलेला तुकडा वहिनीनं मागून नेला होता. शिलाई तिच्या मशीनची होती.

मला काही कळेना. मी आण्णाकडं बघितलं. त्यानं शर्यतीचा सूट कमरेपर्यंत उतरवला होता आणि आत नुसतं बनियन होतं. कित्येक दिवसांत मी त्याला बनियनवर पाहिला नव्हता. गॅरेजात तो दोन-दोन शर्ट घालून यायचा, थंडी आहे म्हणायचा. खांद्याची हाडं वर आली होती. बनियन अंगावर लोंबत होतं. तालमीत ज्याच्या मांड्या धरून मी पहिले डाव शिकलो, तो माझा भाऊ त्या बनियनमध्ये कुठं होता तेच दिसत नव्हतं.

‘कधीपास्नं?’ मी विचारलं.

‘दसऱ्याच्या आधीपास्नं. आतड्यात हाय म्हणत्यात.’ आण्णा शेंगा फोडत होता, खात नव्हता. ‘सोमवारी मिरजेला ॲडमिट व्हायचंय.’

‘आणि ते रंकाळा? भात सोडलाय?’

‘भातानंच मला सोडलंय.’

‘मला का सांगितलं न्हाईस?’

‘सांगितलं असतं तर गाडीत बसू दिलं असतंस?’

वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाली, ‘मी जानेवारीतच न्यायला निघाली हुती. पाया पडले माझ्या, भावजी. म्हणाले, एवढी एक शर्यत होऊ दे, मग तू म्हणशील तिथं येतो. वजन उतरायचं थांबंना. तुमच्या ध्यानात येईल म्हणून हे शिवून दे म्हणाले. शिवलं मी.’

म्हणजे सकाळी काट्यावर तो हा पट्टा बांधून बसला होता. दर फेरीआधी टेम्पोमागं जाऊन तो सोडत होता आणि फेरीनंतर परत बांधत होता. फायनलनंतर मात्र थेट काट्यावर जायचं होतं. पट्टा अंगावर असता तर वजन भरलं असतं. म्हणून ह्या वेळी तो पट्टा बांधूनच गाडीत बसला होता. आणि मी पिंजरा धरून हलवला होता.

‘आण्णा, शिवलेलं हुतं की हे,’ मी पट्टा त्याच्यापुढं धरला. ‘अंगाला गच्च बांधलेलं. हे कुठं सुटं हुतं? तसाच गेला असतास तर आज...’

‘बोल्ट हुता काय त्याला?’

‘आरं, पण पयला आला असतास!’

‘आलोय की पयला. तू बघितलंस न्हवं?’ तो म्हणाला. मग हातातल्या शेंगा बाजूला ठेवून हळू म्हणाला, ‘विचारलं नसतंस तर गेलो असतो. तू विचारलंस.’

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. शर्यतीचं काही वाटलं नाही. मला फक्त माझं ते वाक्य ऐकू आलं, भाकरी खाता खाता म्हटलेलं, तुझ्या पोटाचं लोखंड करून बसवतो. एक एक प्लेट चढवताना मी शीळ वाजवत होतो. गाडीत काय सुटलंय हे मी दर वेळी विचारलं. माणसाला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. पण मी विचारलं नाही, एवढं खरं.

गर्दी अजून काट्याभोवती होती. कुणीतरी मगदूमांची खुर्ची ओढली होती. मी वाट काढत आत गेलो.

‘काय घावलं?’ मगदूमांनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत आशा होती. त्यांनाही आण्णाच हवा होता.

‘न्हाई घावलं,’ मी म्हणालो. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, ‘काटा बरोबर हाय. चूक आमची हाय. सांगलीकराला द्या कप.’

लोक चिडले. आमच्याच गल्लीतली पोरं मला भित्रा म्हणाली. मगदूमांनी काही विचारलं नाही. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि फियाटच्या काचेवरचा खडूचा आकडा पुसून टाकला.

येताना टेम्पो मी चालवला. मागं लोखंडी दांड्याला बोल्टनं जोडलेली फियाट, शेजारी दुसऱ्या नंबरचा कप मांडीवर घेऊन वहिनी, खिडकीशी आण्णा. ‘आणखी एक माप झालं तुला,’ तो वहिनीला म्हणाला. ती हसता हसता रडली. निपाणीच्या पुढं तो मला म्हणाला, ‘ते शिसं टाकू नकोस. ओतून प्लेट कर आणि बसव सीटखाली. बोल्ट मारून.’

मी ती प्लेट केली. दोन बोल्ट, चॅसीतून आरपार, दुहेरी नट. फियाट अजून गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी आहे. बरीच गिऱ्हाईकं आली, एकानं तर मागच्या प्लेटांचे वेगळे पैसे देऊ केले. मी कुणाला दिली नाही. आण्णानं पुढचा पाडवा पाहिला, उन्हाळा मात्र सरताना पाहिला नाही. वहिनीनं तो शेवटचा कप तांदळात ठेवला नाही. पहिल्या नंबरचा नसला तरी तो देव्हाऱ्याजवळ आहे.

पण मला सारखी आठवते ती मिरजेतली सकाळ. ऑपरेशनला न्यायचं म्हणून नर्सनं आण्णाच्या अंगावरचं सगळं उतरवून घेतलं. बोटातली अंगठी, गळ्यातला ताईत. कमरेचा करदोटा कात्रीनं कापला. ते सगळं रुमालात बांधून वहिनीच्या हातात दिलं. चाकाच्या खाटेवर आण्णा पांढऱ्या चादरीखाली पडला होता, लहान पोरासारखा दिसत होता. वॉर्डबॉयनं खाटेचा ब्रेक सोडला.

माझे हात आपोआप खाटेच्या दांड्याला गेले. सवयच ती. दांडा धरला, किंचित हलवला आणि तोंड उघडलं.

आण्णानं चादरीतून हात काढून माझं मनगट धरलं. त्या सवालाला तो कधी खोटं बोलला नव्हता. त्यानं एकदा वहिनीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

‘जया,’ तो म्हणाला, ‘आज विचारू नकोस.’

मी विचारलं नाही. दांडा सोडला आणि खाट आत गेली.